सायबरयुद्ध, हेरगिरी आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या देशाची वीज गेली, एखाद्या मंत्रालयाचे ईमेल फुटले किंवा एखादे बंदर ठप्प झाले की तेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. हे युद्ध म्हणायचे का? याला कायदा लागू होतो का? गुप्तचर यंत्रणांना कोणी विचारणारे आहे का? असे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र मांडली आहेत. जिथे कायदा स्पष्ट आहे तिथे तसे सांगितले आहे. जिथे देशांतच एकमत नाही तिथे तो मतभेद मांडून माझे मतही दिले आहे.

सायबरयुद्ध म्हणजे नेमके काय? बातम्यांत येतो तो प्रत्येक हल्ला युद्धच असतो का?

नाही. बातम्यांत ज्याला सायबरयुद्ध म्हणतात त्यातला मोठा भाग गुन्हेगारी किंवा हेरगिरी असतो. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारी टोळी गुन्हेगार आहे आणि तिच्यासाठी फौजदारी कायदा आहे. परक्या देशाची कागदपत्रे गुपचूप वाचणारी यंत्रणा हेरगिरी करते. एखाद्या देशाने संगणकाच्या मार्गाने दुसऱ्या देशात मोडतोड घडवली, किंवा चालू लढाईत असे हत्यार वापरले, तरच युद्धाच्या कायद्याचा विषय निघतो.

२००७ साली एस्टोनियात सोव्हिएत काळातला एक कांस्य पुतळा हलवण्यावरून तणाव पेटला. त्यानंतर काही आठवडे बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळे एकाच वेळी येणाऱ्या असंख्य बनावट विनंत्यांच्या पुरामुळे बंद पडत होती. देश हादरला, तरी नाटोचे सामूहिक संरक्षणाचे कलम लागू झाले नाही. या सायबर हल्ल्यांत कोणी मेले नव्हते, काही कोसळले नव्हते.

इंटरनेटसाठी युद्धाचा वेगळा कायदा आहे का?

वेगळा करार नाही. जुना कायदाच इथेही चालतो. १९४५ ची संयुक्त राष्ट्रांची सनद, १९४९ चे जिनिव्हा करार, त्यांना जोडलेला १९७७ चा पहिला पूरक करार आणि देशांच्या प्रथेतून घडलेले नियम हाच त्याचा पाया आहे. आंतरराष्ट्रीय कायदा सायबर क्षेत्रालाही लागू होतो, हे संयुक्त राष्ट्रांच्या सरकारी तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये एकमताने मान्य केले. २०१५ मध्ये याच प्रक्रियेतून जबाबदार वर्तनाचे अकरा संकेत पुढे आले. शांततेच्या काळात दुसऱ्या देशाच्या अत्यावश्यक सेवांचे जाणूनबुजून नुकसान करू नये आणि सायबर आपत्तीला तोंड देणाऱ्या पथकांवर हल्ला करू नये, हे त्यांपैकी दोन. हे संकेत पाळणे ऐच्छिक आहे आणि ते मोडल्याबद्दल कोणाला न्यायालयात खेचता येत नाही.

कायदा लागू होतो यावर एकमत आहे. तो कसा लागू होतो यावर मात्र नाही आणि खरी ओढाताण तिथेच चालते.

टॅलिन मॅन्युअल हा करार आहे का?

नाही. सायबर कारवायांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो, याचा एस्टोनियाची राजधानी टॅलिनमधल्या नाटो-संलग्न केंद्राच्या निमंत्रणावरून कायदेतज्ज्ञांच्या एका गटाने केलेला तो अभ्यास आहे. पहिली आवृत्ती २०१३ ची आणि दुसरी, १५४ नियमांची, २०१७ ची. तो कोणत्याही देशावर बंधनकारक नाही, पण संरक्षण मंत्रालयांतले वकील वाद घालताना त्याचाच आधार घेतात.

सायबर हल्ल्याला ‘बळाचा वापर’ कधी म्हणतात?

सनदेच्या कलम २(४) नुसार दुसऱ्या देशाविरुद्ध बळाचा वापर करायला बंदी आहे. कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क देते. या दोन्हींच्या मधल्या जागेत सायबर हल्ल्यांचे प्रश्न अडकतात. १९८६ च्या निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले, की बळाचा प्रत्येक वापर सशस्त्र हल्ला ठरत नाही. कृतीचा आवाका किती आणि परिणाम काय झाला ते बघावे लागते. तीच फूटपट्टी आज संगणकाला लावली जाते. हत्यार लोखंडाचे होते की कोडचे याला महत्त्व नाही. शेवटी काय मोडले आणि कोणाला इजा झाली, हे पाहिले जाते.

स्टक्सनेटचे उदाहरण घ्या. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या या प्रोग्रॅमने इराणमधल्या नतांझच्या केंद्रात युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचा वेग गुपचूप बदलला. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर मात्र सारे सुरळीत दिसत होते. सुमारे हजार यंत्रे निकामी झाल्याचा अंदाज आहे. अमेरिका आणि इस्रायल यांच्याकडे बोट दाखवले गेले, पण दोघांनीही अधिकृतपणे ते मान्य केलेले नाही. हा बळाचा वापर होता, यावर टॅलिनच्या तज्ज्ञांचे एकमत झाले. तो सशस्त्र हल्ला होता का, यावर झाले नाही.

नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमचे उदाहरण याहून अवघड. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला आणि काही तासांत जगभर गेला. मर्स्क या जहाज कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. अमेरिकी सरकारच्या अंदाजाने एकूण नुकसान १० अब्ज डॉलरच्या घरात गेले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले, रशियाने ते नाकारले. इमारत पडली नाही, स्फोट झाला नाही, तरी बंदरांत ट्रकच्या रांगा लागल्या. केवळ आर्थिक आणि कामकाजाचे नुकसान ‘बळा’त मोजायचे का, याचे उत्तर देश वेगवेगळे देतात. माझ्या मते ते मोजले पाहिजे. ज्या समाजाचा सारा व्यवहार संगणकावर चालतो, तिथे संगणक पुसून टाकणे आणि गोदाम जाळणे यांत फरक करणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

परक्या देशाच्या संगणकात शिरून माहिती मिळवणे बेकायदा आहे का?

ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्या कायद्याने, होय. जवळपास प्रत्येक देशात हेरगिरी हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात मात्र शांततेच्या काळातल्या हेरगिरीला सरसकट बंदी घालणारा नियम नाही. प्रत्येक देश ती करतो, प्रत्येक देशाला ते ठाऊक आहे आणि म्हणूनच तसा नियम करायला कोणी पुढे येत नाही.

युद्धकाळातल्या हेरांबद्दल कायदा आश्चर्य वाटावे इतका समंजस आहे. १९०७ च्या हेग नियमांनुसार शत्रूची माहिती मिळवणे ही लढण्याची मान्य रीत आहे. वेष पालटून माहिती काढताना पकडलेल्या हेराला शिक्षा करता येते, पण खटला चालवल्याशिवाय नाही. तो सैनिक असेल, सुटून आपल्या सैन्यात परतला असेल आणि नंतर पकडला गेला, तर आधीच्या हेरगिरीबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. दूर कार्यालयात बसून कळफलकावर काम करणाऱ्यांना हे नियम कसे लावायचे? हेग नियमांतला हेर हा शत्रूच्या ताब्यातल्या भागात प्रत्यक्ष वावरणारा माणूस आहे. त्यामुळे आजचे बहुतेक सायबर हेर त्या व्याख्येत बसतच नाहीत.

हेरगिरीला बंदी नाही म्हणून ती करण्याचा प्रत्येक मार्ग मोकळा आहे, असे समजू नये. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर यंत्रणेने तिमोर-लेस्तेच्या वकिलाच्या कार्यालयातून कागदपत्रे उचलली. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाला अंतरिम आदेश दिला, की तिमोर-लेस्ते आणि त्याचे वकील यांच्यातल्या संवादात कोणत्याही प्रकारे ढवळाढवळ करू नका. दूतावासांचे दप्तर आणि पत्रव्यवहार यांनाही राजनैतिक संबंधांच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराने संरक्षण आहे.

परवानगीशिवाय परक्या सर्व्हरमध्ये शिरणे हाच सार्वभौमत्वाचा भंग आहे का, यावरही तट पडले आहेत. सायबर क्षेत्रापुरता सार्वभौमत्वाचा असा स्वतंत्र बंदी घालणारा नियम नाही, अशी भूमिका ब्रिटनच्या ॲटर्नी जनरलनी २०१८ मध्ये घेतली. फ्रान्सने २०१९ मध्ये नेमके उलट सांगितले: आमच्या यंत्रणेत झालेली घुसखोरी सार्वभौमत्वाचा भंग ठरू शकते. दोघेही नाटोचे सदस्य आणि जवळचे मित्र आहेत, हे लक्षात घेतले की हा प्रश्न किती कच्चा आहे ते कळते.

मग हेरगिरी कुठे संपते आणि हल्ला कुठे सुरू होतो?

या सगळ्या विषयाचा गाभा मला इथे दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या काळी हेर आणि तोफ वेगवेगळ्या दिसत. हेर पकडला तर त्याच्याकडे नकाशा सापडे, दारूगोळा नव्हे. संगणकात दोन्ही कामांची पहिली पावले तीच असतात. एखाद्या कर्मचाऱ्याला फसवा ईमेल पाठवायचा, त्याचा पासवर्ड मिळवायचा, आतल्या जाळ्याचा नकाशा काढायचा, परत येता यावे म्हणून एक चोरदरवाजा ठेवायचा. एवढे झाल्यावर फायली वाचायच्या की पुसायच्या, हा शेवटच्या आज्ञेचा प्रश्न उरतो.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात गेले. हल्लेखोर त्याआधी कित्येक महिने आत होते. त्या महिन्यांत कोणाला ते सापडले असते, तर त्यांना हेर म्हटले असते. उलट उदाहरण सोलरविंड्सचे. डिसेंबर २०२० मध्ये कळले, की या कंपनीच्या सॉफ्टवेअरचे दूषित अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचले होते. अमेरिकेने रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेवर ठपका ठेवला. आत शिरलेल्यांनी त्यांतली मोजकीच ठिकाणे निवडून माहिती उचलली, मोडतोड केली नाही. काही नेत्यांनी त्याला युद्धाची कृती म्हटले, अनेक तज्ज्ञांनी हेरगिरी म्हटले. परिणाम पाहिला तर तज्ज्ञ बरोबर होते. पण ज्या प्रशासकाला आपल्या सर्व्हरवर अनोळखी माणूस दिसला, त्याला त्या माणसाच्या मनातले कसे कळणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या यंत्रणांनी एक इशारा दिला. चीनशी संबंधित म्हणवलेल्या ‘व्होल्ट टायफून’ या गटाने अमेरिकेच्या पाणी, वीज, दळणवळण अशा सेवांत पाय रोवले असून काही ठिकाणी तो किमान पाच वर्षे आत होता, असे त्यात म्हटले होते. चीनने आरोप फेटाळला. पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेत गुपिते अशी किती असतात? तिथली घुसखोरी वाचण्यासाठी असण्यापेक्षा पुढच्या एखाद्या दिवसासाठी असण्याची शक्यता जास्त. तरी काही मोडलेले नाही तोवर कायदा त्याला सशस्त्र हल्ला म्हणत नाही.

परिणामावर बोट ठेवणारा कायदा नेहमी घटना घडल्यावर बोलतो. आत शिरण्याआधी ‘आपण इथे का जातो आहोत’ हे तपासण्याचे काम म्हणून नीतीवर येते. मंत्रालयाच्या ईमेलमध्ये आणि धरणाच्या दरवाजांच्या नियंत्रणात शिरणे ही एकाच मापाची हेरगिरी नव्हे. दुसऱ्या ठिकाणी एक चुकीची आज्ञा, किंवा नुसता सदोष प्रोग्रॅम, माणसे मारू शकतो. अशा ठिकाणी माहितीसाठीही जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

चोरलेली माहिती लष्करी नसून सामान्य लोकांची असेल तर?

२०१५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी विभागातून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती गेल्याचे उघड झाले. ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसेही त्यात होते. त्या वेळी अमेरिकेच्या काही माजी गुप्तचर प्रमुखांचा सूर असा होता, की सरकारी माहिती हे हेरगिरीचे रास्त लक्ष्यच आहे आणि दोष राखणाऱ्याचा आहे. यंत्रणांच्या आपापसातल्या हिशेबात हे बसतेही. पण पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. ज्यांनी फक्त नोकरीचा अर्ज भरला होता त्यांनी हा जुगार कधी मान्य केला नव्हता.

हल्ला कोणी केला हे कसे ठरवतात?

तीन थरांत. पहिला तांत्रिक: कोड, सर्व्हर, कामाच्या वेळा, पूर्वीच्या हल्ल्यांशी साम्य. दुसरा कायद्याचा: हल्लेखोर त्या देशाचा अधिकारी होता का, किंवा त्याच्या सूचनेवर, नियंत्रणाखाली वागत होता का? निकाराग्वा निकालातली ‘प्रभावी नियंत्रणा’ची कसोटी बरीच कडक आहे. नुसती सहानुभूती किंवा पैसे पुरत नाहीत. तिसरा राजकीय: नाव घ्यायचे की नाही.

घाई केल्यास काय होते ते २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकने दाखवले. उद्घाटनाच्या वेळी यंत्रणा पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उत्तर कोरियाकडे बोट जाईल अशा खुणा मुद्दाम पेरलेल्या होत्या. पुढे, २०२० मध्ये, अमेरिकेने त्याबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तचर सेवेतल्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. पहिल्याच दिवशी कोणी प्रत्युत्तर दिले असते, तर भलत्यालाच लागले असते.

पुरावा जाहीर करण्यात आणखी एक पेच असतो. सर्वांत पक्का पुरावा बहुधा आपल्याच हेरगिरीतून आलेला असतो आणि तो दाखवला की आपला झरा आटतो. म्हणून सरकारे ‘आमची खात्री आहे’ एवढेच सांगून थांबतात. आरोपाबरोबर पुरावा जाहीर करायचे कायदेशीर बंधन नाही. जगाने विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर मात्र काहीतरी दाखवावेच लागते.

हल्ला झालेल्या देशाला प्रत्युत्तर देता येते का?

येते, पायऱ्यापायऱ्यांनी. निषेध, राजदूताला परत पाठवणे, निर्बंध हे केव्हाही करता येते. जुलै २०२२ मधल्या सायबर हल्ल्यानंतर अल्बानियाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इराणशी राजनैतिक संबंध तोडले, ते याच पायरीवरचे. समोरच्याने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला असेल तर प्रत्युपाय करता येतात, म्हणजे एरवी बेकायदा ठरेल अशी, पण बळाचा वापर नसलेली, प्रमाणात राहणारी कृती. तिचा हेतू समोरच्याला थांबवण्याचा हवा, सूड उगवण्याचा नव्हे. सशस्त्र हल्ल्याची पातळी गाठली गेली तरच स्वसंरक्षणासाठी बळ वापरता येते. सायबर हल्ल्यामुळे सामूहिक संरक्षणाचे कलम लागू होऊ शकते, असे नाटोने २०१४ मध्ये जाहीर केले. आजवर तसे झालेले नाही.

कंपनीने स्वतःच हल्लेखोराच्या सर्व्हरवर उलट हल्ला केला तर?

करू नये. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे. शिवाय तो सर्व्हर बहुधा तिसऱ्याच कोणाचा, हल्लेखोराने ताब्यात घेतलेला असतो.

लढाई सुरू असताना कोणते नियम लागतात?

तोफेला लागतात तेच. लष्करी लक्ष्य आणि नागरी वस्तू यांत भेद करा, लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार होणार असेल तर थांबा, हल्ल्याआधी शक्य ती काळजी घ्या. नवे हत्यार कायद्यात बसते का, हे आधी तपासण्याचे बंधन पहिल्या पूरक कराराच्या कलम ३६ मध्ये आहे आणि ते कोडलाही लागते.

अडचण अशी, की लष्कर आणि नागरिक एकाच तारेवर बोलतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरण्याच्या सुमारास, व्हायासॅटच्या उपग्रह इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम निकामी झाले. युक्रेनचे लष्करही ही सेवा वापरत होते, त्यामुळे ती लक्ष्य होऊ शकते असा युक्तिवाद करता येईल. पण त्याच फटक्यात जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. जर्मनी त्या युद्धात उतरलेला देश नव्हता.

नुसता डेटा ही कायद्याच्या अर्थाने ‘वस्तू’ आहे का, यावरही वाद आहे. टॅलिनच्या बहुसंख्य तज्ज्ञांनी नाही म्हटले. हे मान्य केले, तर जमिनीचे उतारे किंवा पेन्शनची नोंद पुसणे हा ‘हल्ला’च ठरत नाही. कागदी दप्तर जाळायला बंदी आणि तेच दप्तर संगणकावर असेल तर नाही, हे मला पटत नाही. काही देशांनीही आता डेटाला संरक्षण आहे अशी भूमिका घेतली आहे.

रुग्णालये आणि मदतसंस्था सुरक्षित आहेत का?

कायद्याने आहेत. वैद्यकीय सेवेला युद्धात विशेष संरक्षण आहे. तरी जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे कळले. ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. युद्धात आणि आपत्तीत ताटातूट झालेली, बेपत्ता झालेली, कैदेत असलेली ही माणसे. इमारतीच्या छपरावर जसे लाल चिन्ह असते तसे सर्व्हरलाही डिजिटल चिन्ह असावे, यावर ही समिती काम करते आहे.

सॉफ्टवेअरमधली त्रुटी सापडली तर गुप्तचर यंत्रणेने ती लपवून ठेवावी का?

उत्पादकालाही माहीत नसलेल्या त्रुटीला झीरो-डे म्हणतात. यंत्रणेच्या दृष्टीने ती किल्ली आहे. पण तेच कुलूप तिच्या स्वतःच्या नागरिकांच्याही दारांना असते.

२०१७ मध्ये याची किंमत कळली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेने विंडोजमधल्या एका त्रुटीवर बेतलेले हत्यार जवळ ठेवले होते. ते फुटले आणि एप्रिलमध्ये ‘शॅडो ब्रोकर्स’ या गटाने जगजाहीर केले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो बसवलेला नव्हता. १२ मे रोजी त्याच हत्यारावर स्वार होऊन वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम १५० हून अधिक देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. डिसेंबरमध्ये अमेरिका आणि ब्रिटनने उत्तर कोरियाला जबाबदार धरले. हत्यार एकाने घडवले, दुसऱ्याने पळवले आणि तिसऱ्याने वापरले. जखम मात्र तपासणीसाठी आलेल्या रुग्णाला झाली.

त्यानंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्रुटी ठेवायची की कळवायची हे ठरवण्याची आपली पद्धत अमेरिकेने प्रसिद्ध केली. ब्रिटननेही पुढच्या वर्षी तसे केले. कोट्यवधी सामान्य लोक वापरतात त्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी कळवणे हाच नियम असावा आणि ती ठेवणे हा मुदतबंद अपवाद, असे मी मानतो.

सर्वांचीच माहिती गोळा करून त्यातून संशयित शोधणे योग्य आहे का?

२०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी तिच्या पाळतीची कागदपत्रे उघड केल्यावर हा वाद पेटला आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिजिटल युगातल्या खासगीपणाच्या हक्कावर ठराव केला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मे २०२१ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या खटल्यात मधला मार्ग काढला. घाऊक पाळत मुळातच बेकायदा नाही, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत राखण हवी: परवानगी स्वतंत्र अधिकाऱ्याची, शोधाचे निकष आधी ठरलेले, नंतर तपासणी. ब्रिटनची तेव्हाची पद्धत या कसोटीला उतरली नाही.

देशप्रेमापोटी घरबसल्या शत्रूच्या संकेतस्थळांवर हल्ला केला तर?

२०२२ मध्ये युक्रेनने स्वयंसेवकांची ‘आयटी आर्मी’ उभी केली आणि रशियाच्या बाजूनेही असे गट उतरले. अशी कृती लढाईत थेट सहभाग ठरली, तर तेवढा काळ त्या माणसाचे नागरिक म्हणून असलेले संरक्षण जाते. सैनिकाला मिळणारा युद्धकैद्याचा दर्जाही त्याला मिळेलच असे नाही. २०२३ मध्ये रेडक्रॉस समितीच्या तज्ज्ञांनी अशा हॅकरांसाठी आठ नियम मांडले. नागरी वस्तूंवर हल्ला नको, आपोआप पसरणारी हत्यारे नकोत, रुग्णालयांना हात लावायचा नाही, शत्रूने नियम मोडले तरी आपण पाळायचे, असा त्यांचा रोख आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना या कामाला चिथावणाऱ्यांनी त्यांना यातले काहीच सांगितलेले नसते, याचा मला राग येतो.

मी अशा यंत्रणेत काम करतो. आदेश वरून आला असेल तर जबाबदारी माझी कशी?

‘हुकूम होता’ एवढ्याने सुटका होत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीचे कलम ३३ हा बचाव अगदी मोजक्या परिस्थितीत मान्य करते. आदेश पाळणे कायद्याने बंधनकारक असावे, तो बेकायदा असल्याचे माहीत नसावे आणि तो उघडउघड बेकायदा नसावा, या तिन्ही अटी लागतात. रुग्णालयाची वीज तोडण्याचा आदेश तिसऱ्या अटीतच अडकेल. बरेच मोठे देश त्या संविधीत सामील नाहीत, पण स्वतःच्या लष्करी कायद्यात अनेकांनी असेच तत्त्व ठेवले आहे.

व्यवहारात उघडउघड चुकीचे आदेश विरळाच येतात. येतात ते संदिग्ध: ‘या जाळ्यात शिरून ठेवा, पुढचे नंतर सांगू.’ त्या वेळी हे जाळे कोणाचे, त्यावर आणखी कोण अवलंबून आहे, प्रोग्रॅम हाताबाहेर गेला तर तो थांबवता येईल का, हे विचारा आणि मिळालेली उत्तरे लेखी ठेवा. सेनाधिकाऱ्यांना कायद्याचा सल्लागार उपलब्ध असला पाहिजे, असे पहिल्या पूरक कराराचे कलम ८२ सांगते. कामगिरी संपल्यावर अहवाल तपासायला नव्हे, तर पहिला ईमेल पाठवण्याआधी त्या सल्लागाराला खोलीत बोलवा.